कंडक्टरबाईंचे पॅसेंजर

"चला, पुढं सरका! मांगं जागा नाई, पुढं सरका ना बाप्पा! अन् तू? तू दारात काऊन उभा राह्यला?"

देवरीत भाड्याच्या खोलीत राहायला आले, त्याच्या दुसऱ्याच सकाळी हा आवाज कानावर आदळला आणि मी पर्स उचलून तशीच बाहेर धावले. मला वाटलं गल्लीतूनच शाळेला जायची आमगावची बस सुटते आहे. नव्या गावात काय कुठून सुटतं, कुणाला माहीत! बाहेर येऊन पाहते तर बस नाही, स्टॉप नाही. समोरच्या अंगणात साडीवर खाकी कोट चढवलेली एक ठेंगणी बाई भाताचं घमेलं घेऊन उभी, आणि तिच्यापुढे कुत्री, मांजरं, एक शेळी आणि डालग्यातून मान काढलेला एक कोंबडा. बाईंनी वर हात केला. पडवीच्या वाशाला एक दोरी बांधलेली होती, तिच्या टोकाला बसमधली खरी घंटी. टण टण! त्याबरोबर सगळ्यांनी आपापल्या ताटलीत तोंड घातलं.

"काय पाहून राह्यल्या मॅडम?" बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या. "डबल बेल झाली. गाडी सुटली."

कंडक्टरबाई आणि माझी ओळख ही अशी झाली.

त्यांचं नाव सुमन रामटेके. पण त्या नावानं त्यांना हाक मारलेली मी तरी ऐकली नाही. नोकरीची सगळी वर्षं एसटीत कंडक्टर म्हणून काढली, तीही उभ्यानं. निवृत्त झाल्यावर पहिल्या महिन्यातच पाय दुखायला लागले. डॉक्टरांनी विचारलं, फार उभ्या राहता का? बाई म्हणाल्या, "बसून राह्यली म्हणून दुखून राह्यले!" त्याच उन्हाळ्यात शेजारच्यांना लग्नासाठी गावाला जायचं होतं आणि त्यांची मांजर बाळंत झालेली. बाईंनी तिला पिलांसकट घरी आणलं. मग कुणाचा कुत्रा आला, कुणाचे ससे आले. उन्हाळ्याच्या सुट्ट्या, दिवाळी, लग्नसराई, माणसं घराला कुलूप लावून निघाली की घरातलं जनावर बाईंच्या अंगणात पोचतं करायचं, हे देवरीत ठरून गेलं. पैशांचं ज्यानं त्यानं मनाप्रमाणे करावं. बाईंच्या अटी वेगळ्याच होत्या.

पहिली अट कपड्याची. जनावर सोडताना मालकानं अंगावरून काढलेला कपडा द्यायचा. वापरलेला, घामाचा, मळका. तो जनावराच्या पोत्यावर अंथरायचा. "त्याले मालक नाई दिसला तर चालते," बाई सांगायच्या, "पण वास पाह्यजे. वास हाय म्हंजे मालक येनार हाय."

दुसरी अट तिकिटाची. जिथं फिरायला जाल तिथलं एक तिकीट परत येताना आणायचं. बसचं, रेल्वेचं, होडीचं, कसलंही. ती तिकिटं बाई पडवीच्या भिंतीला खळीनं चिकटवायच्या. शिर्डी, उटी, गंगटोक, रामेश्वरम, अर्धा देश त्या भिंतीवर होता. स्वतः बाई मात्र देवरीहून रायपूर, गोंदिया, नागपूर यांच्या पलीकडे गेलेल्या नव्हत्या. दरवर्षी दीक्षाभूमीला जायच्या, तेही त्याच दिवशी परत. "मी लोकाइले तिकिटं फाडून फाडून पाठवलं," त्या हसत म्हणायच्या, "आता ते मले आनून देतात."

पडवीत प्रत्येक पॅसेंजरची सीट ठरलेली असे. मांजरांच्या फळीवर खडूनं लिहिलं होतं, 'महिलांसाठी राखीव'. त्यावर एक गलेलठ्ठ बोका आरामात झोपायचा. मी एकदा ते दाखवलं तर म्हणाल्या, "बसमंदी बी हेच चालते मॅडम. उठवलं तर उठते का कोनी?" दोन कुत्री भांडायला लागली की त्या सिंगल बेल मारायच्या. टण! "भांडन खाली उतरून करा!" आणि कुत्री खरंच गप्प व्हायची. मी तीन वर्षं वर्गात पोरांना गप्प करायचा प्रयत्न करत होते. मला फार हेवा वाटायचा.

उत्साह म्हणजे काय ते या बाईंकडे पाहून समजावं. नवीन जनावर येणार म्हटलं की त्या सकाळपासून गल्लीच्या तोंडाशी फेऱ्या मारायच्या. एका दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई काश्मीरला निघाल्या आणि त्यांच्या घरी होते रंगीत मासे. बाईंनी मासे कधी सांभाळलेले नव्हते. नाही म्हणतील असं मला वाटलं, तर त्या आनंदानं टाळ्याच पिटायला लागल्या! काचेचा हंडा मांडीवर घेऊन, सहा आसनी ऑटोत मधोमध बसून त्यांची स्वारी निघाली. "भाऊ, खड्डा आला, हळू! अरे हळू ना, पोरं झोपून राह्यली!" ऑटोतले बाकीचे लोक लहान मूल शोधायला लागले. रस्ताभर पाणी हिंदकळून बाई कमरेपर्यंत भिजल्या, पण मासे सगळे सुखरूप उतरले. मग प्रश्न आला कपड्याचा. माशाला वास कसा द्यायचा? बाईंनी डॉक्टरीणबाईंची ओढणी हंड्याला गुंडाळून टाकली आणि म्हणाल्या, "दिसू तर दे त्याइले."

आणि ती स्वीटी! बाजारातल्या एका कापडवाल्या शेठजींची पांढरीशुभ्र, केसाळ, हातभर लांबीची कुत्री. ती दुधात बुडवलेल्या बिस्किटाशिवाय काही खात नाही, गादीशिवाय झोपत नाही, आणि जमिनीवर पाय ठेवला की तिला सर्दी होते, असं शेठाणीनं बजावून सांगितलं. बाईंनी सगळं मान डोलावून ऐकून घेतलं. शेठजी हरिद्वारला गेले. चार दिवसांत स्वीटी सुकटीचा भात ओरपायला लागली, शेळीच्या मागे धावायला लागली, आणि अंगणातल्या राखेत लोळून करड्या रंगाची झाली. शेठाणी न्यायला आली तेव्हा तिनं आपली कुत्री ओळखलीच नाही. कुत्रीनं मात्र ओळखलं, आणि चिखलाच्या पायांनी थेट तिच्या रेशमी साडीवर उडी मारली.

"बाई, ये क्या बना दिया आपने इसको?" शेठाणी किंचाळली.

"कुत्ता बना दी," बाई म्हणाल्या. "और क्या बनाती!"

मग शेठाणीच खो खो हसायला लागली. पुढं स्वीटीला बिस्किटं आवडेनाशी झाली म्हणून शेठाणी सुकट मागायला बाईंकडे यायची, आणि येताना तोंडाला पदर लावायची.

हे सगळं असलं तरी बाईंच्या अंगणात एक पॅसेंजर असा होता, ज्याच्याबद्दल कुणी चेष्टा करत नसे. टायगर. नाव टायगर, पण होता साधा गावठी, पिवळट रंगाचा, एक कान फाटलेला. माझ्या येण्याच्या आधी एका कुटुंबानं त्याला 'थोड्या दिवसांसाठी' म्हणून ठेवलं, सामानाचा ट्रक भरला, बदलीच्या गावी गेलं आणि परत आलं नाही. फोन लागेनासा झाला. त्यांनी दिलेला सदरा टायगरनं झोपून झोपून फाडला, तरी बाई त्याच्या चिंध्या पोत्यावर तशाच ठेवायच्या. गल्लीतून सामान लादलेलं कुठलंही वाहन गेलं की टायगर त्याच्या मागे सुटायचा. थेट हमरस्त्यापर्यंत. तिथून बाई त्याला कानाला धरून परत आणायच्या. 'सोडून दिला' हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "त्याचा स्टॉप यायचा हाय."

दिवाळी झाली की आमच्याकडे मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, सुरू होते. आज या गावची, उद्या त्या गावची. पाहुणे, दुकानं, दंडारीचा नाच, नाटकं, नुसती धमाल. माणसं या गावातून त्या गावात फिरत राहतात आणि बाईंची गाडी खचाखच भरते. त्या वर्षी ऐन मंडईच्या दिवसांत पटले गुरुजी आपला कुत्रा सोन्या याला घेऊन आले. गुरुजी म्हणजे निवृत्त शिक्षक, धुतल्या कपड्यांचे, हळू आवाजाचे. गुरुजींची बायको वर्षभरापूर्वी वारली होती. मुलगा भिलाईला. घरात गुरुजी आणि म्हातारा झालेला सोन्या. मुलगा त्यांना हट्टानं पुरीला समुद्रावर नेत होता. गुरुजींचं मन नव्हतं. सोन्याचं डोकं ते पुन्हा पुन्हा थोपटत होते.

"कपडा आनला?" बाईंनी विचारलं.

"आणला ना बाई." गुरुजींनी पिशवीतून सदरा काढून दिला.

गुरुजी गेले आणि सोन्यानं खाणं सोडलं. पहिल्या दिवशी बाईंना त्याचं काही वाटलं नाही, नवीन पॅसेंजर रुसतोच. पण दुसऱ्या दिवशीही त्यानं पाण्याशिवाय कशाला तोंड लावलं नाही. सुकट झाली, अंडं झालं, डबल बेल मारून मारून बाईंचा हात दुखला. सोन्या दाराकडे तोंड करून पडलेला. तिसऱ्या दिवशी तर त्यानं मानही उचलली नाही. टायगर त्याच्याशेजारी येऊन बसला होता. बाईंनी त्या दोघांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "याले बी वाटून राह्यलं, आपल्याले टाकून गेले. म्हातारा हाय तो. असाच जाईल. मंग गुरुजी कोनाकडं पाहून जगतीन?"

मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, वाकून त्यांनी सोन्याखालचा सदरा ओढला आणि नाकाला लावला.

"साबन!" त्या ओरडल्या. बोका फळीवरून खाली पडला. "साबन हाय! अन् इस्त्री बी केली बाप्पा, इस्त्री!"

लगेच फोन लावला. स्पीकर सुरू, मागे समुद्राचा आवाज.

"गुरुजी, मी मळका कपडा मांगतला होता ना? धुतला कायले?"

पलीकडे गुरुजी गडबडले. "बाई, परक्या बाईच्या हाती मळकं कापड कसं द्यायचं? चांगलं दिसते का ते?"

आता काय बोलायचं! खोटं नव्हतं ते. आमच्याकडे कुणाच्या घरी घमेलं परत द्यायचं तरी घासून पुसून देतात. गुरुजींना सोन्याचं कळलं तेव्हा ते रडकुंडीला आले. "मी आजच्या गाडीनं निघतो."

"खबरदार!" बाई गरजल्या. "आता कुठं समुद्र पाह्यला तुम्ही. मी हाव ना इथं. घरी मळकं काही ठेवलं का?"

काहीच ठेवलं नव्हतं. सून येणार म्हणून जाण्याआधी गुरुजींनी उशीच्या अभ्र्यांपासून पायपुसण्यापर्यंत सगळं धुवून टाकलं होतं. तरी बाई निघाल्या, मला ओढत. किल्ली शेजाऱ्यांकडे होती. आम्ही घर पालथं घातलं. बाई एकेक वस्तू हुंगत होत्या, मीही हुंगत होते; बाहेरून कुणी पाहिलं असतं तर दोघींना दवाखान्यात नेलं असतं. घरभर नुसता फिनाईलचा वास. बाई हताश होऊन पडवीत टेकल्या. समोर भिंतीला गुरुजींची सायकल उभी होती. मुठी हाताच्या घामानं काळ्या पडलेल्या. सीटवर जुन्या टॉवेलचा तुकडा बांधलेला, त्याला बहुधा कधीच पाणी लागलेलं नव्हतं.

बाईंनी त्या सीटला नाक लावलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे असे चमकले की मला हसू आवरेना.

"गुरुजी सापडले!" त्या म्हणाल्या.

गुरुजी रोज सायकलनं शेतावर जायचे आणि सोन्या बाजूनं पळायचा, हे आख्ख्या देवरीला माहीत होतं. आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, एवढंच. बाईंना सायकल चालवता येत नव्हती, मलाही नाही. भर बाजारातून, मंडईला आलेल्या पाहुण्यांच्या गर्दीतून आम्ही ती ढकलत निघालो. बाई पुढं, हँडल धरून, "साईड द्या, साईड!" आणि मी मागून सीट सांभाळत, तिला कुणाचा हात लागू नये म्हणून. पानठेल्यावरून कुणीतरी ओरडलं, "काऊन बाई, या वयात सायकल शिकून राह्यल्या का?"

"हाव, लायसन काढाले चालली!" बाई न थांबता म्हणाल्या.

अंगणात शिरताना बाईंनी सायकलची घंटी वाजवली. ट्रिंग ट्रिंग.

सोन्याचा एक कान उभा राहिला. मग दुसरा. तो धडपडत उठला, तसाच सायकलपाशी आला. आधी चाक हुंगलं, मग पेडल, मग मागच्या पायांवर उठून मान वर केली आणि सीटपर्यंत नाक नेलं. बराच वेळ तो तिथंच राहिला. बाईंनी अलगद ताटली चाकाजवळ सरकवली. सोन्या चाकाला पाठ लावून बसला आणि खायला लागला. हळूहळू, मग भराभर, मग ताटली चाटूनपुसून. बाई टाळ्या वाजवत अंगणभर नाचल्या. शेळीलाही नाचवलं. मी रडत होते आणि हसत होते, आणि शेजारी काय झालं म्हणून कुंपणावरून डोकावत होते.

गुरुजी परत आले ते शिंपल्यांची माळ आणि रेल्वेचं तिकीट घेऊन. सोन्या त्यांना पाहून एखाद्या पिलासारखा रडला. गुरुजींनी सायकल पाहिली, सोन्याला पाहिलं, आणि बाईंपुढे दोन्ही हात जोडले. बाईंना असले प्रसंग झेपत नसत.

"ते जाऊ द्या," त्या घाईनं म्हणाल्या. "समुद्र कसा होता ते सांगा."

गुरुजींनी विचार केला. "इटियाडोहचा तलाव काठोकाठ भरलेला पाहिला ना बाई? त्याचा पलीकडचा काठ काढून टाकला, असं समजा."

नंतर कितीतरी दिवस हातातलं काम थांबवून बाई मध्येच मला विचारायच्या, "मॅडम, काठच नसन तर पानी थांबते कुठं?" रायपूरची त्यांची मुलगी केव्हाची म्हणत होती, आई, चल, पुरीचा समुद्र दाखवते. जावई तिकिटं काढायला तयार. बाकीचे पॅसेंजर काय, आज आहेत उद्या नाहीत. चार दिवस घ्यायचेच नाहीत, झालं. पण टायगर होता.

"एकदा ट्रक त्याच्या पुढून गेला," बाई म्हणाल्या. "आता मी बी पिशवी उचलून जाऊ? दुसऱ्यांदा झालं तर तो कोनावर भरोसा ठेवीन?"

गुरुजींनी हे ऐकलं आणि हट्टच धरला. टायगरला मी ठेवतो. त्यासाठी ते हिवाळाभर सोन्याला घेऊन रोज अंगणात यायचे, टायगरशी बोलायचे, त्याला सायकलीबरोबर हिंडवून आणायचे. बाई हो म्हणायच्या, मग नाही म्हणायच्या. उन्हाळ्याच्या तोंडाशी एकदाच्या तयार झाल्या. त्याच सुमारास माझ्या बदलीचा हुकूम निघाला होता, अर्जुनीला. त्या परत यायच्या आधीच मी देवरी सोडली. म्हणून मी बाईंना शेवटचं पाहिलं ते बसस्टँडवर.

सकाळची रायपूरची बस लागली होती. बाई नव्या साडीत, वरून तोच खाकी कोट. उन्हाळ्यात कोट कशाला म्हटलं तर म्हणाल्या, "सवय." गुरुजी टायगरला दोरी लावून घेऊन आले होते. सोन्या सोबत होताच. टायगरचे डोळे बाईंच्या पिशवीवरून हलत नव्हते.

"देवाले नाई चालली मी गुरुजी," बाई बजावत होत्या. "समुद्र पाहाले चालली. अन् त्याले भात गरम देऊ नका. हे घ्या." त्यांनी पिशवीतून साडी काढून दिली. "त्याच्या पोत्यावर आंथरा."

गुरुजींनी साडी हातात घेतली. चारी कोपरे जुळवलेली घडी. त्यांनी ती नाकाशी नेली आणि बाईंकडे पाहिलं.

"बाई," ते हळूच म्हणाले, "साबण."

मी बाईंना लाजलेलं तेवढं एकदाच पाहिलं. कानापर्यंत लाल झाल्या. "मंग काय करू? मळकं लुगडं कसं देऊ गुरुजीच्या हातात? चांगलं दिसते का ते?"

गुरुजी इतके हसले की त्यांना बाकड्यावर बसावं लागलं. मीही हसले. टायगर मात्र हसण्यात नव्हता. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, टायगरनं दोरी ताणली, आणि बाईंचं हसू गेलं. त्या एकदा बसकडे आणि एकदा टायगरकडे पाहत राहिल्या. मला वाटलं, आता या जात नाहीत.

मग त्यांनी कोटाची बटणं काढायला सुरुवात केली. तो कोट त्यांच्या अंगावेगळा मी कधी पाहिला नव्हता. बगलेत घामाचे पांढरे डाग, बाहीवर बोक्याचे केस, खिशात सुकटीचा चुरा. त्यांनी तो टायगरपुढे जमिनीवर नीट पसरला. कोटाशिवाय त्या एकदम लहानशा, कुणाच्याही आईसारख्या दिसायला लागल्या. टायगरच्या फाटक्या कानाला हात लावून त्या काहीतरी बोलल्या, ते मला ऐकू आलं नाही. मग मागे न पाहता बसमध्ये चढल्या.

दारातच गर्दी अडली होती. आतून तो ओळखीचा आवाज आला, "पुढं सरका ना बाप्पा, पुढं जागा हाय!" कंडक्टर पोरगी बिचारी गोंधळून बाजूला झाली. तिनं बेल मारली, बस हलली. टायगर ताडकन उभा राहिला. गुरुजींनी दोरी दोन्ही हातांनी धरली.

टण! सिंगल बेल. बस करकचून थांबली. मागच्या खिडकीतून बाईंचं डोकं बाहेर आलं.

"बसला का?" त्या ओरडल्या. "मॅडम, बसला का तो?"

टायगर बसकडे पाहत होता. मग त्यानं मान खाली घातली आणि कोट हुंगला. कॉलर हुंगली, खिसा हुंगला, खिशातला सुकटीचा चुरा चाटला. एकदा गोल फिरला. पुन्हा एकदा फिरला. गुरुजींच्या हातातली दोरी सैल पडली.

"बसला!" मी जीव तोडून ओरडले. "बाई, बसला!"

"मंग चला!"

टण टण.